रात्रीच्या कॅमेऱ्यातला पांढरा सदरा पांढराच असतो असं नाही

आज खत-पाण्याचं काही लिहीत नाही. आज लिहितोय वाडीतल्या कॅमेऱ्याबद्दल, आणि तेही फक्त त्याच्या रात्रीच्या चित्राबद्दल.

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत आता वाडी तिथं कॅमेरा झालाय. कुणी घराच्या पडवीत लावलाय, कुणी पंपाच्या खोलीवर, खारेपाटात कुणी जिताड्याच्या तळ्यावर. कारणं सगळ्यांना माहीत आहेत. खळ्यात वाळत घातलेली सुपारी रातोरात कमी होते. रानडुक्कर एका रात्रीत कंदांचा वाफा उलटा करतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या पोफळी आणि माड आडवे झाले, त्यानंतर लावलेली रोपं आता कुठं धरायला लागलीत. सहा वर्षं जपलेल्या झाडाचं पहिलं पीक कुणी उचलून नेलं तर पोटात तुटतं. आणि दिवेआगर कोण विसरेल? १९९७ साली सुपारीच्या वाडीत सापडलेला गणपतीचा सोन्याचा मुखवटा मार्च २०१२ मध्ये रात्री दोन रखवालदारांचा जीव घेऊन चोरांनी पळवला. रात्रीची भीती आपल्या किनाऱ्याला खरीच आहे. त्यामुळं कॅमेरा लावूच नका असं मी म्हणणार नाही. माझ्याकडंही आहेत.

पण माझं मत स्पष्ट आहे. आपण पैसे कॅमेऱ्यावर घालतो आणि उजेडावर घालत नाही. मग रात्री जे धुरकट, पांढरट चित्र मिळतं, त्यावरून माणसांची नावं घेतो. यातली पहिली गोष्ट पैशाचं नुकसान करते, दुसरी माणसाचं. दुसरी जास्त वाईट.

आमच्याच भागातला प्रकार सांगतो, गावाचं नाव घेत नाही. एका खळ्यातून सुपारीची दोन पोती गेली. कॅमेऱ्यात रात्री अडीच वाजता एक आकृती दिसली. पांढरा सदरा, डोक्यावर ओझं, चेहरा म्हणजे नुसता पिठाचा गोळा. दुसऱ्या दिवशी ते चित्र सगळ्या गावाच्या मोबाईलवर. आदिवासी वाडीवरून कामाला येणारा एक गडी कायम पांढरा सदरा घालायचा. झालं, ठरलं. पोलिसांत कुणी गेलं नाही, पण त्याला कामाला बोलावणं बंद झालं. तो मला रस्त्यात भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "दादा, पांढरा सदरा काय माझ्याकडंच हाय?"

त्याच्या प्रश्नाच्याही पुढचा प्रश्न मला पडला. तो सदरा खरंच पांढरा होता का?

मी घरी एक साधा प्रयोग केला, तुम्हीही करून बघा. रात्री कॅमेऱ्यासमोर दोरीवर माझे चार कपडे टांगले. एक पांढरा, एक गडद निळा, एक काळा, एक मातकट. दिवे बंद केले आणि मोबाईलवर चित्र बघितलं. गडद निळा सदरा जवळजवळ पांढरा दिसत होता. काळाही राखाडी-पांढरा. चौघांतला खरा पांढरा कुठला, ते मला ओळखता येईना, आणि कपडे माझेच होते!

कारण सोपं आहे. अंधार पडला की कॅमेरा रंग सोडतो आणि अवरक्त किरणांवर चालायला लागतो. त्याच्या तोंडाभोवतीचे छोटे दिवे साधारण ८५० नॅनोमीटरचा उजेड टाकतात. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही, फार तर दिव्यांच्या जागी मंद लाल ठिपके दिसतात. कपड्याचा रंग म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या उजेडातलं वागणं. अवरक्त उजेडात तोच रंग वेगळा वागतो. अनेक गडद रंगांचे कपडे तो उजेड परत फेकतात आणि पांढरे दिसतात. म्हणजे रात्रीच्या काळ्या-पांढऱ्या चित्रातून कपड्याचा रंग सांगताच येत नाही. "पांढरा सदरा" हा पुरावाच नव्हता. तो कॅमेऱ्याच्या डोळ्याचा गुण होता.

कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या मित्रांना यात ओळखीचं काही दिसेल. उपग्रहाच्या चित्रावरून पिकाची तब्येत बघतात ते याच तत्त्वावर. हिरवं निरोगी पान लाल उजेड खातं आणि अवरक्त उजेड जवळजवळ निम्मा परत फेकतं. म्हणून तर कॅमेऱ्यासमोर लोंबणारी माडाची झावळी रात्री दिव्यासारखी पांढरी पेटते. आणि आपल्या वाड्यांतल्या खराब चित्राचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. हाताच्या अंतरावर एक झावळी चमकली की कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे. तो स्वतःला आवरतो आणि मागचं खळं काळं पडतं. लोक म्हणतात कॅमेरा बिघडला. कॅमेरा ठीक असतो, कोयता चालवायची गरज असते.

तर मग चित्र सुधारायचं कसं? मी केलं आणि उपयोग झाला, ते क्रमानं सांगतो. आधी फुकटातलं, मग खर्चाचं.

एक, समोरचं साफ करा. कॅमेऱ्यासमोर तीन-चार मीटरपर्यंत झावळी, केळीचं पान, वेल, पागोळीचा पत्रा, पांढरी भिंत काही नको. अगदी चित्राच्या कडेला भिंतीचा कोपरा येत असला तरी कॅमेरा थोडा वळवा.

दोन, काच धुवा. आपली हवा खारी. पश्चिमेचा वारा सुटला की आठवड्यात काचेवर मिठाचा थर बसतो. दिवसा तो दिसत नाही, रात्री कॅमेऱ्याचेच दिवे त्यावर पडून सगळं चित्र दुधाळ होतं. कोरड्या फडक्यानं पुसू नका, मिठाचे आणि वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी गोडं पाणी सोडा, मग मऊ कापडानं टिपा. कोळ्याची जाळीही त्याच वेळी काढा. दिव्यांच्या उबेला आणि किड्यांना धरून कोळी तिथंच घर करतो, आणि त्याचा एक धागा रात्री पडद्यावर दोरखंडाएवढा दिसतो.

तीन, उजेड कॅमेऱ्यापासून वेगळा करा. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानंच पडतो. दिवा आणि डोळा एकाच जागी असला की धुकं, पावसाची सर, किडे, दव, सगळं डोळ्यासमोरच उजळतं. धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसंच. बाजारात अवरक्त दिवा वेगळा मिळतो. तो कॅमेऱ्यापासून दीड-दोन मीटर बाजूला, दुसऱ्या खांबावर लावा, त्याचा झोत खळ्यावर सोडा आणि कॅमेऱ्यातले दिवे बंद करा. पावसाळ्यात फरक डोळ्यांनी दिसेल.

उजेडाचा हिशेबही लक्षात ठेवा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, चौपट झालं की सोळावा हिस्सा. पाच मीटरवर जो माणूस स्वच्छ दिसतो, तो वीस मीटरवर सोळापट कमी उजेडात असतो. म्हणून पंपाच्या खोलीवरच्या एका कॅमेऱ्यानं सगळी वाडी राखायचं स्वप्न सोडा. खोक्यावर "३० मीटर" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तिथं काहीतरी हललं एवढं कळेल. कोण हललं ते कळेलच असं नाही.

चार, मेगापिक्सेलच्या मागं लागण्याआधी रुंदी मोजा. सुरक्षेच्या कॅमेऱ्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात एक मीटर रुंदीत किती ठिपके पडतात त्यावर सगळं ठरतं. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत काहीतरी आहे एवढं कळायला २५ ठिपके, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि अनोळखी माणसाची खात्रीनं ओळख पटवायला २५० धरले होते. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० ठिपके असतात. भागाकार करा. चेहरा खात्रीचा हवा असेल तर चित्राची रुंदी साडेसात मीटरच्या आसपासच हवी. चार मिलिमीटरच्या भिंगाला ही रुंदी साधारण साडेपाच मीटर अंतरावर मिळते, २.८ मिलिमीटरच्या रुंद भिंगाला चार मीटरवरच. आणि हे भर दुपारच्या उजेडाचं गणित आहे. रात्री यापेक्षा कमीच धरा.

यातून मी एक नियम काढलाय. सगळी वाडी बघू नका, वाट बघा. चोर असो की डुक्कर, येतं ते ठरावीक वाटेनं. फाटक, कुंपणातली फट, बांधावरची पायवाट, तळ्याचा बांध. तिथं एक कॅमेरा जवळ, माणसाच्या उंचीपेक्षा थोडा वर लावा. फार उंचावर बांधलात तर टोपी आणि टाळू दिसेल, चेहरा नाही. तळ्यावर कॅमेरा असेल तर तोंड पाण्याकडं नको, बांधाकडं करा. पाणी अवरक्त उजेड पिऊन टाकतं, रात्री तळं डांबरासारखं काळं दिसतं. आणि शेजाऱ्याच्या पडवीकडं किंवा बायका पाणी भरतात त्या विहिरीकडं कॅमेऱ्याचं तोंड चुकूनही नको. राखण आपल्या मालाची करायची, दुसऱ्याच्या घराची नाही.

पाच, आतल्या दोन गोष्टी बदला. बसवणारा माणूस आला की त्याच्याकडून करून घ्या. पहिली म्हणजे शटर. अंधारात कॅमेरा झाकण जास्त वेळ उघडं ठेवतो, सेकंदाचा पंचविसावा भाग. साध्या चालीचा माणूस तेवढ्यात पाच-साडेपाच सेंटिमीटर पुढं सरकतो. चेहरा जेमतेम पंधरा सेंटिमीटर रुंद. म्हणजे एक तृतीयांश चेहरा पुसला गेला! पिठाचा गोळा होतो तो असा. शटर पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर बांधून ठेवा. चित्र काळं पडेल, म्हणून आधी वेगळा दिवा हवा. दुसरी गोष्ट म्हणजे चित्रातला रवा घालवणारी सोय. ती पूर्ण चढवली की स्थिर चित्र गुळगुळीत दिसतं, दुकानात बघायला छान वाटतं, पण हलणारा माणूस भुतासारखा विरघळतो. ती मधोमध ठेवा.

सहा, वायर तपासा. "दिवसा चालतो, रात्री बंद पडतो" ही तक्रार मी कितीतरी जणांकडून ऐकली. रात्री कॅमेऱ्याचे दिवे लागतात आणि तो जास्त वीज ओढतो. अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ५० मीटर नेली तर जाऊन-येऊन १०० मीटर होते, तिचा रोध साडेतीन ओहमच्या आसपास. कॅमेऱ्यानं अर्धा अँपिअर ओढला की बारातले पावणेदोन व्होल्ट वाटेतच संपले. कॅमेरा मान टाकतो आणि परत उठतो, रात्रभर हेच. जाड वायर घाला, नाहीतर वीज पुरवणारा डबा कॅमेऱ्याजवळ न्या. जोड उघडा ठेवू नका, खारी हवा तांब्याला हिरवं करते. जोड डब्यात घ्या, आणि वायर डब्यात शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरूनच गळून जाईल.

आता रंगीत चित्राबद्दल. रात्रीही रंग दाखवणारे, पांढऱ्या दिव्याचे कॅमेरे आलेत. फाटकाजवळ, खळ्यात मला ते पटतात. सदरा पांढरा की निळा हे निदान खरं कळतं, आणि उजेड लागला की निम्मे चोर तसेच पळतात. पण हालचाल झाल्यावरच दिवा लागेल असं ठेवा. आणि ज्यांची वाडी पुळणीला लागून आहे, त्यांना हात जोडून विनंती. हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडतात ती उजळ क्षितिजाकडं, म्हणजे समुद्राकडं जायला. आपला पांढरा दिवा लागला तर ती वाडीकडं वळतात आणि मरतात. समुद्राच्या बाजूला पांढरा दिवा नको. तिथं अवरक्तच ठेवा. ९४० नॅनोमीटरचा घेतलात तर लाल ठिपकाही दिसत नाही, फक्त त्याचा पल्ला कमी असतो हे धरून चाला.

जनावरांसाठी एक छोटी खूण. कुत्रा, गुरं, बिबट्या यांच्या डोळ्यांत मागं आरशासारखा पडदा असतो, म्हणून रात्रीच्या चित्रात त्यांचे डोळे दिव्यासारखे पेटतात. डुकराला तो पडदा नसतो. फणसाडच्या जंगलाला लागून ज्यांची शेतं आहेत, त्यांनी बिबट्याची आवई उठवण्याआधी डोळे आणि उंची बघावी. उंचीसाठी कुंपणाच्या खांबावर अर्धा, एक आणि दीड मीटरवर चुन्याचे पट्टे ओढून ठेवा. वनखात्याकडं नुकसानीचा अर्ज करताना "मोठं जनावर होतं" यापेक्षा "पहिल्या पट्ट्याच्या वर पाठ होती" हे सांगणं केव्हाही भक्कम.

आणि पुराव्याचं म्हणाल तर मोबाईलनं पडद्याचं शूटिंग करून व्हॉट्सॲपवर फिरवलेलं चित्र म्हणजे पुरावा नव्हे, ती गावगप्पा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. आपल्याच जालन्याच्या निवडणुकीचा खटला आठवा. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओचा प्रश्न होता, आणि जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जुन्या कायद्याखाली असं प्रमाणपत्र आवश्यक असल्याचं सांगितलं. म्हणून चोरी झाली की मूळ रेकॉर्डिंग यंत्रातून तसंच्या तसं उतरवून घ्या, यंत्राची तारीख-वेळ बरोबर आहे का बघा, आणि जुनं पुसलं जाण्याआधी पोलिसांना कळवा.

मोबाईलवर अंधुक चेहरा स्वच्छ करून देणारी ॲपं आलीत, त्यांच्यापासून तर दूरच राहा. जे कॅमेऱ्यात टिपलंच गेलं नाही ते ॲप कुठून आणणार? ते अंदाजानं नाक-डोळे भरतं. निघणारा चेहरा देखणा असतो, पण तो त्या रात्रीच्या माणसाचा नसतो. आणि गावात तो कुणाशी तरी जुळतोच. जुळतो तोही बहुतेक वेळा ज्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नसतं, त्याच्याशीच.

कुणी म्हणेल, एवढं सगळं बघत बसलो तर चोर सापडणार कधी? मी म्हणतो, अंधुक चित्रानं चोर सापडतच नाही. सापडतो तो संशय. त्या दोन पोत्यांचा चोर आजही मोकळा आहे, आणि पोफळीवर सरसर चढणारा एक चांगला गडी आमच्या भागातून गेला. यंदा सुपारी उतरवायला माणूस मिळत नाही म्हणून जे रडतात, त्यांत ते चित्र पुढं ढकलणारेही आहेत.

म्हणून माझ्या घरात मी नियम केलाय, आणि गावानंही करावा असं मला वाटतं. कॅमेऱ्यात चेहरा ओळखू येत नसेल तर कुणाचं नाव घ्यायचं नाही, चित्र पुढं पाठवायचं नाही. आणि नवा कॅमेरा घ्यायचा विचार मनात आला की आधी एका रात्री, जेवण झाल्यावर, घरातल्याच कुणालातरी फाटकातून चालत यायला सांगायचं. मोबाईलवर बघायचं, आपलंच माणूस ओळखू येतंय का. येत नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी, कोयता आणि गोड्या पाण्याची बादली घेऊन बाहेर पडा. दुकानात नंतर जा.